चिरंजीवांचं मातीकाम

ती. सौ. आईंना शि. सा. नमस्कार, वि. वि.

आधी महत्त्वाचं सांगते, तुमच्या चिरंजीवांची नोकरी शाबूत आहे. हातात फावडं घेऊन चिखलात उभे असतानाचा त्यांचा जो फोटो काकूंनी अख्ख्या साताऱ्यात फिरवला, त्यातलं काम पोटापाण्याचा उद्योग नसून हौस आहे. मजुरी शून्य, पेट्रोल पदरचं आणि डबा माझ्या हातचा.

इथे अपलाचियन ट्रेल नावाची डोंगरातली पायवाट आहे. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, 14 राज्यांतून, सुमारे 3,500 किलोमीटर. आमच्या न्यू जर्सीच्या वाट्याला त्यातले साधारण 115 येतात. तीसेक क्लबांनी ही वाट सांभाळायला वाटून घेतली आहे आणि ते पुढे एकेका स्वयंसेवकाला एकेक तुकडा नेमून देतात. तसा एक आपल्याकडे आलाय. सातबारा मात्र मिळत नाही.

मला वाटायचं, जंगलात भीती अस्वलाची. पण वाटेचा खरा वैरी पाणी! उतारावर पावसाचं पाणी वाटेवरूनच धावतं, माती धुऊन नेतं. मग लोक चिखल चुकवत कडेकडेने चालतात आणि वाट पसरत जाते. म्हणून वाटेत तिरका ओंडका नाहीतर दगड पुरून पाणी बाहेर काढून द्यायचं. बाबा शेतात चर काढतात, तेच तत्त्व. चरात पालापाचोळा साचला की दोन जोरदार पावसांत सगळं मुसळ केरात. चिरंजीव गाळ उपसतात, मग बाटलीतलं पाणी ओतून ते नीट वळतंय का, हे उकिडवे बसून बघतात. इकडे माझं सिंक महिनाभर तुंबलंय.

वाट दाखवायला झाडांवर पांढरे पट्टे असतात, 2 इंच रुंद, 6 इंच उंच. एकावर एक दोन दिसले की पुढे वळण आहे असं समजायचं. आपल्या धाकटीने हे शिकून हॉलपासून फ्रिजपर्यंत भिंतीवर टूथपेस्टचे पट्टे ओढले. कोपऱ्यावर आठवणीने दोन.

या वाटेची कल्पना बेंटन मॅकाय नावाच्या गृहस्थांनी 1921 साली मांडली. प्रत्यक्षात ती पुरी करून घेतली मायरन एव्हरी या वकिलांनी. मापाचं चाक ढकलत ते स्वतः डोंगर चालायचे. डोंगरमाथ्यावरून मोटाररस्ता जावा की नाही यावरून दोघांचं असं बिनसलं की कायमची फाटाफूट झाली. हे ऐकलं आणि मला ही मंडळी एकदम घरची वाटायला लागली! 1937 साली वाट पूर्ण झाली आणि पुढच्याच वर्षी चक्रीवादळाने न्यू इंग्लंडमध्ये तिच्यावर झाडं आडवी केली. सलग वाट पुन्हा व्हायला 1951 उजाडलं.

तेव्हा हे काम कधी संपत नाही. नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, एकदा राहिलं की मात्र येणारा-जाणारा बोट दाखवतो. चिरंजीवांनी परवा हे मला मोठा शोध लागल्यासारखं समजावून सांगितलं. मी भांडी घासत होते. आई, तुम्ही इथे असतात तर आपण एकमेकींकडे बघून घेतलं असतं. मी फक्त म्हटलं, या ज्ञानाचा घरातही उपयोग होऊ द्या. आता एक रविवार डोंगराचा, एक सिंकचा, असं ठरलंय.

बाकी सर्व ठीक. कळावे.

तुमची सूनबाई

ता. क. मे महिन्यात येताना चालायचे बूट आणा. एमा गेटवूड नावाच्या आजी 1955 साली ही अख्खी वाट एकट्याने चालल्या. वय 67, पदरी अकरा मुलं, पायात साधे कॅनव्हासचे बूट आणि खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. घरी सांगितलं काय, तर जरा फिरायला जाते. पिशवी तुम्ही शिवालच. बाबांना मात्र इतक्यात काही बोलू नका.