घाटावर बसून विमानतज्ज्ञ व्हा

वाईत विमानतळ नाही, ही तुमची पहिली जमेची बाजू. तुम्हाला खोडून काढायला इथे वैमानिक फिरकत नाही. संध्याकाळी गणपती घाटावर एक पायरी धरा आणि वरून विमान गेलं की त्याच्या नाकावर बोलायला सुरू करा. इतक्या उंचीवरचं नाक खालून दिसत नाही. घाबरू नका, ऐकणाऱ्यालाही दिसत नाही.

१. सुरुवात दृष्टीपासून करा. "जुन्या विमानांचं नाक काळं का? तीट लावायचे." हे लगेच पटतं. खरं कारण फार रुक्ष आहे. नाकात रडार असतं आणि त्यावरची टोपी काचतंतूंची. पावसाच्या थेंबांच्या माऱ्याने ती झिजू नये म्हणून पूर्वी तिला निओप्रीन रबराचा लेप देत, साठलेली स्थिर वीज निघून जावी म्हणून कार्बनयुक्त थरही देत. म्हणून काळं. पुढे पॉलियुरेथेनचे लेप आले आणि नाकं गोरी झाली. यात तीट कुठेच नाही, म्हणून सांगू नका.

२. वैमानिकाच्या काचेपुढचा काळा पट्टा आणि काळं नाक एकच समजा. तो पट्टा ऊन डोळ्यांवर चकाकू नये म्हणून असतो, पण दोन कारणांची भेळ केली की ज्ञान भरपूर वाटतं.

३. रंगाऱ्याला सल्ला द्या: "चंदेरी मारा, आणि हात सढळ ठेवा." रडारच्या लहरींना टोपीतून बाहेर जाऊन परत यायचं असतं. धातूची पूड असलेला रंग त्यांना अडवतो आणि रंगाचा जाड थरही त्यांना मानवत नाही. शेंदरासारखे हातावर हात चढले, तर पुढचा वादळी ढग रडारला दिसायचा कसा? पण ही काळजी विमानात बसणाऱ्यांची. तुम्ही पायरीवर आहात.

४. नाकाची छटा अंगापेक्षा वेगळी दिसली, तर "नाक कापलं गेलं" म्हणा. पक्षी आपटला किंवा गारा लागल्या की टोपी बदलतात, त्यामुळे चुकून खरं बोलाल. वाईट वाटून घेऊ नका, होतं असं.

५. ओझरला बनलेल्या मिग-२१चा विषय टाळा. त्याच्या तोंडाशीच हवा घ्यायचं भोक, भोकात शंकू, शंकूत रडार. "मग नाक कुठलं?" असं एखाद्या पोराने विचारलं, की तुमचंच खाली.

६. अडलात तर मंडळींना ढोल्या गणपतीच्या मागे न्या. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेच्या पुराचं पाणी दुभागावं म्हणून. तिच्यावर हात ठेवून म्हणा, "विमानाचं नाक साहेबांनी इथूनच उचललं." पुरावा कुणी मागत नाही.

७. एकच धोका. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचा मराठी विश्वकोश याच गावात घडला. दोन पायऱ्या सोडून बसलेले चष्मेवाले आजोबा नुसतंच हसत असतील तर सावध राहा. ते हळूच "निओप्रीन" म्हणाले, की चपला शोधायला लागा.