बाळंतविड्यातली टोपी

"कायचं विणून राहिली वं?" काकूंनी मेहंदीच्या कुंपणावरून मान काढली. हातात वाळत घालायचं धोतर तसंच.

"टोपी. वन्संच्या बाळंतविड्यासाठी."

"आण बरं इकडे."

काकूंना काही दाखवणं म्हणजे परीक्षाच. त्यांनी टोपीचा माथा तळहातावर दाबून पाहिला. चपटा बसला तर ठीक. वाटीसारखा वळला तर गोलात टाके कमी वाढवले, आणि कडेला झालर पडली तर जास्त. डोक्याएवढा गोल झाला की वाढवणं बंद, मग सरळ खाली उतरायचं. माझा चपटा बसला. काकू जराशा हिरमुसल्या.

"बरं जमलं. पण मागच्या गल्लीत बारशाले गेलती का तू? त्या विहिणीनं सगळा बाळंतविडा नागपूरहून रेडिमेड आणला! टोपीले गोंडे, मोज्याले मणी. मणी वं! लेकरानं तोंडात टाकला म्हंजे? आन् मोजे असे जाळीदार का बोट अडकन त्याचं."

हे मात्र खरं. क्रोशाची मोकळी जाळी टेबलावरच्या रुमालाला शोभते. बाळाच्या मोज्याला वीण घट्ट हवी, आतला लोंबता दोराही कापलेला हवा. बारीक बोटाला दोरा गुंडाळला गेला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

"लोकर कोठची हाय?"

"सौंसरच्या बाजारातली."

"कायची लोकर! पलास्टिकच ते." काकूंचा पुतण्या बोरगावला रेमंडमध्ये आहे, त्यामुळे धाग्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. 1991 पासून तो कारखाना आपल्या सौंसर तालुक्यात आहे, मेंढीच्या लोकरीचं सुटाचं कापड काढतो. आणि त्याच तालुक्यातल्या लेकरांच्या डोक्यावर ॲक्रिलिक! मला तर याचं हसूच येतं. पण काकूंना हसू येत नव्हतं.

"शेक देतेवेळी ही टोपी काढून ठेवजो बाप्पा. ठिणगी पडली का सुती कापड जळते, हे वितळते आन् कातडीले चिकटते. शेगडीपाशी कुंची घाल, सुती."

"कुंचीला मऊ कापड कुठून आणू?"

"हे काय हातात हाय माह्या?" त्यांनी धोतर झटकलं. "मामंजीचं हाय. दहा वर्षं धुतलेलं. नवं कापड कितीही महाग आण, असं मऊ व्हाचं नाही. उरलं तर गोधडीच्या आतल्या बाजूले लाव, वरून धावदोरा घाल. बाहेरून लावजो कोणती भी रंगीत साडी. दिसाले."

त्यांच्या सासूबाईंचं हातमागाचं लुगडं अशाच एका गोधडीत गेलं. सौंसरच्या हातमागाचं नाव तसं जुनंच; तिथल्या साडीचा काठ झिजत नाही, पोत तेवढा विरत जातो, असं काकू म्हणतात. त्यांच्या घरात आता तो काठच उरलाय, नातवाच्या गोधडीला चारी बाजूंनी. त्यांचं क्रोशाचं सामान मात्र पेटीत पडून आहे. टीव्ही भिंतीवर गेला, तेव्हापासून त्याच्यावरचा रुमाल बेरोजगार झाला, हे दुःख त्या दर दिवाळीला सांगतात.

"आन् आयक," काकू आता कुंपणावर अर्ध्या वाकल्या, "त्या विहिणीनं टोपीची चिठ्ठी काढलीच नाही. किंमत तशीच लटकून होती. मी वाचली."

"किती?"

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. तेवढ्यात आमच्या सासूबाई, ज्यांना एरवी तीनदा हाक मारावी लागते, मागच्या दारातून बाहेर आल्या.

"कितीले आणली म्हणते?"

"साडेसहाशेले!"

"फक्त टोपी?" सासूबाई पायरीवर बसल्याच. "अन् मोजे?"

"सांगतो न. पहिले मले चहा सांगा."

मी टोपी पिशवीत ठेवली आणि चहा टाकायला उठले, स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवून.