पावकीवाला

माझ्या आजोबांना पावकी-निमकी तोंडपाठ होती. आमच्या घरातून ती विद्या गेली, ती थेट टॅलिनच्या आमच्या ऑफिसातल्या एका एस्टोनियन गृहस्थाकडे पोहोचली असावी. तो बिअरला पाचपैकी गुण देतो, तेही पावापावाच्या हिशेबानं. सव्वातीन, पावणेचार. पूर्णांक त्याच्या तोंडून मी अजून ऐकलेला नाही.

एरवी माणूस मितभाषी. दिवसभरात पाच-सहा वाक्यं बोलला तर पगारवाढ मिळाली असं समजावं. शुक्रवारी संध्याकाळी मात्र तो मला नोब्लेसनर बंदरावर नेतो. झारच्या काळात तिथे पाणबुड्या बांधत. आता तिथे ‘पह्याला’ ही 2011 साली सुरू झालेली ब्रुअरी आहे. पाणबुड्या गेल्या, बुडायची सोय राहिली.

त्यांच्या काळ्याभोर पोर्टरचं नाव म्हणजे एकच लांब स्वर. ओठ ‘ओ’चे करायचे आणि ‘ए’ म्हणायचं. अर्थ ‘रात्र’. अल्कोहोल साडेदहा टक्के, त्यामुळे दुसऱ्या ग्लासानंतर उच्चार आपोआप जमतो.

आमचे परीक्षक ग्लास दिव्यासमोर धरतात. फेस किती टिकतो ते घड्याळ लावून बघतात. मग हापूसच्या देठाशी नाक नेणाऱ्या गिऱ्हाइकासारखा दीर्घ श्वास. एक घोट. डोळे मिटलेले. आपण बोलायचं नाही.

“राईचा काळा पाव. मनुका. किंचित चामडं.”

चामडं त्यानं कधी चाखलं, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. “तुला काय लागतं?” त्यानं विचारलं. मी म्हणालो, “काकवी.” त्यानं स्पेलिंग विचारून नोंद केली आणि माझ्याकडे प्रथमच आदरानं पाहिलं.

जुलैत त्यानं मला सारेमा बेटावर काकाच्या शेतावर नेलं. तिथे घरोघरी बिअर करायची जुनी रीत आहे. जुनिपरच्या फांद्यांच्या थरातून रस गाळायचा, तो न उकळता यीस्ट घालायचं. ना बाटली, ना लेबल. काकानं लाकडी मग पुढे केला. ह्यानं सवयीनं ग्लास दिव्यासमोर धरायला हात उचलला. लाकडातून काय दिसणार? नाइलाजानं प्यायला. मग रिकामा करून पुढे केला. काकानं भरला. पुन्हा केला. काकानं पुन्हा भरला.

परतताना बोटीवर मी विचारलं, “किती?”

“साडेचार होते,” तो म्हणाला. “पण काका नात्यातला. वशिल्याचा आरोप नको म्हणून पाव कापला.”

वहीत सव्वाचारच लिहिले आहेत. मगही एकच लिहिलाय. मी मोजले होते, सहा झाले.