बसतंय की!

वडूजच्या एसटी स्टँडासमोर एखादी वेगळी गाडी उभी राहिली की चारजण गाडीकडं बघतात आणि पाचवा गाडीच्या खाली. तो पाचवा म्हणजे अप्पा. असा एक अप्पा खटाव तालुक्यातल्या प्रत्येक मोठ्या गावात असतोच. कुठं त्याला बापू म्हणतात, कुठं तात्या. गुडघ्यावर हात ठेवून, मान तिरकी करून तो इंजिन आणि चेसी यांच्यामधली मोकळी जागा वितीनं मोजतो. मग कंबर धरून सरळ होतो, स्वच्छ असलेला हात उगाच पँटीला पुसतो आणि निकाल देतो, "बसतंय की!"

काय बसतंय, कशात बसतंय आणि मुळात ते का बसवायचं, हे विचारायची सोय नसते. विचारलं तर अर्धा तास जातो आणि चहाचे पैसेही आपल्यालाच द्यावे लागतात.

आमच्या अप्पांचा सरकारदरबारी नोंदलेला धंदा शेती. पण सातबाऱ्यापेक्षा भंगारवाल्याच्या वहीत त्यांचं नाव जास्त वेळा सापडेल. सुरुवात सरळ होती. पाऊस हा असा, वैरण ती तशी, बैलजोडी सांभाळणं परवडेना. मग अप्पांनी जुन्या हिरो होंडाचं पुढचं चाक ठेवून मागं कोळपं जोडलं. कोळपणी झकास झाली. पुढं एम-एटीचं इंजिन कडबाकुट्टीला लागलं. ती कुट्टी चालू झाली की पलीकडच्या वस्तीवरची म्हैस दावं तोडायची, पण कडबा बारीक व्हायचा. इथवर गावाला अप्पांचं कौतुक होतं. काकींनासुद्धा. वाट फुटली ती गोव्याहून.

गोव्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार तयार व्हायची. फायबरची बॉडी, वरचं टप काढता येणारं, पोटात रेनॉचं साधारण साठ घोड्यांचं इंजिन. फार विकली गेली नाही. रस्त्यावर दिसली तर लोक परदेशी समजायचे. तिचा एक इंजिन नसलेला सांगाडा अप्पांना कुणीतरी दाखवला. माल टाकून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकातून तो वडुजात आला. काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "ह्यात चौघं बसत्याली का?" अप्पा म्हणाले, "दोघंच." काकी म्हणाल्या, "मग दुसरं कोण?" त्या प्रश्नाचं उत्तर अप्पांनी आजवर दिलेलं नाही.

इंजिनाची जोडणी भाच्याकडून झाली. भाचा इस्लामपूरच्या बाजूला इंजिनिअरिंगला. हल्ली ही पोरं स्पर्धेसाठी स्वतः रेसिंगची गाडी बांधतात. नियमानं ७१० सीसीपर्यंतचं इंजिन चालतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच टीमा चाकणला बनणाऱ्या केटीएमचं ३७३ सीसीचं बसवतात. गाडी पळवायला कोइमतूरजवळच्या करी ट्रॅकवर जावं लागतं. अप्पांचे चुलतभाऊ कोइमतूरला गलाईच्या धंद्यात. आमच्या भागातला कुणीतरी सोनं गाळायला गेलेला नाही असं हिंदुस्थानात गाव नाही, त्यामुळं राहायची सोय झाली आणि भाच्याबरोबर अप्पाही गेले. चुलतभावाच्या नातवाचं बारसं होतं. बारशात अप्पा कुणाला दिसले नाहीत. ते ट्रॅकच्या कडेला पोरांच्या गाडीखाली आडवे होते. स्पर्धा संपल्यावर जुनं झालेलं इंजिन भाच्यानं मामाला दिलं. छत्तीस किलो. अप्पांनी ते एकट्यानं उचलून दाखवलं आणि आठवडाभर पाठीला शेक घेतला.

"आरं मर्दा, गाडीचं इंजिन उचलायला चार माणसं लागत्यात. ह्यात गिअरबॉक्स पोटातच!" हे अप्पांच्या प्रवचनाचं पहिलं वाक्य. नंतर ते थेट इंग्लंडात शिरतात. १९४६ साली कूपर बाप-लेकांनी दोन मोडक्या फियाट टोपोलिनोंचे पुढचे भाग एकमेकांना जोडले आणि मागं ५०० सीसीचं जॅप कंपनीचं मोटारसायकलचं इंजिन ठेवलं. मागं का? तर चेन मागच्या चाकांकडं न्यायची होती म्हणून. पुढं कूपरनी मागं इंजिन असलेल्या गाड्यांवर १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षं फॉर्म्युला वनची विजेतेपदं मारली आणि सगळ्या जगानं इंजिन मागं नेलं. "म्हंजे चेनमुळं! मोटारसायकलच्या चेनमुळं!" असं म्हणून अप्पा टपरीच्या बाकावर थाप मारतात. इतिहास सोळा आणे खरा आहे, म्हणून तर पंचाईत. खोटा असता तर आपण उठून गेलो असतो.

इंग्लंडातून परत येताना ते इचलकरंजीला थांबतात. तिथल्या शंकरराव कुलकर्णींनी मीरा नावाची छोटी गाडी बनवली, वर्षानुवर्षं एकामागून एक नमुने काढले, पण ती कारखान्यात काही पोचली नाही. इथं अप्पांचा आवाज उतरतो. तो परत चढतो देवराष्ट्र्याला. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे म्हणजे बाकीच्यांना यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. अप्पांना दत्तात्रय लोहारांचं गाव. लोहारांनी मुलासाठी भंगारातून साठेक हजारांत किक मारून चालू होणारी, दुचाकीच्या इंजिनावरची छोटी जीप बनवली, स्टिअरिंग डावीकडं ठेवलं. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ बघून त्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारीत ती दिलीसुद्धा. अप्पांना याचा मनापासून आनंद आहे. थोडी जळजळही आहे. "त्यांनी करून दावली," ते म्हणतात, आणि पुढचं वाक्य चहाबरोबर गिळतात.

कारण आमच्या अप्पांची गाडी नव्वद टक्के झालेली आहे. मी तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हाही ती नव्वद टक्केच झालेली होती.

राहिलेले दहा टक्के अप्पांच्या भाषेत "फक्त"मध्ये मोडतात. फक्त फौंडेशन वेल्डिंग करायचंय. फक्त चेनसॉकेट मोठं टाकायचंय, कारण दीडशे किलोच्या मोटारसायकलसाठी केलेलं इंजिन चारचाकी ओढताना क्लचप्लेटी जाळतं. फक्त तेलाचं बघायचंय.

तेलाचं प्रकरण त्यांच्याकडून ऐकावंच. टपरीवर ते चहाचा भरलेला ग्लास उचलतात. "मोटारसायकल वळणावर काय करती? कलती. ग्लासबी कलतो, च्या तळालाच ऱ्हातो." ग्लास तिरका करून ते हवेत एक झोकदार वळण घेतात, थेंब सांडत नाही. "आता मोटार. ती कलत न्हाय." ग्लास सरळ ठेवून ते हात जोरात डावीकडं फिरवतात आणि चहा उजव्या बाजूनं शेजारच्याच्या सदऱ्यावर येतो. "बघितलं? तेल एका अंगाला चढलं, पंपानं हवा वढली, इंजिन खलास!" उपाय असा की, तेलाच्या चेंबरमध्ये पत्र्याचे आडवे पडदे मारायचे. ते अप्पांनी मारलेत, अगदी सुबक. टपरीवाला मात्र हल्ली अप्पांना ग्लास अर्धाच भरून देतो.

दुसरं दुखणं रिव्हर्सचं. मोटारसायकलला मागचा गिअर नसतो. परदेशात काहीजण त्यासाठी वेगळी विजेची मोटर बसवतात, हे अप्पांना ठाऊक होतं. त्यांनी मारुती आठशेचा स्टार्टर आणून लावला. बटण दाबलं की गाडी कण्हत कण्हत मागं येते. पण त्यात बॅटरी बसते, आणि केटीएमला किक नाही. म्हणजे गाडी एकदा मागं घेतली की पुढं जाण्यासाठी चालूच होत नाही. मग गल्लीतली पोरं धक्का मारतात. पोरांना हे इतकं सवयीचं झालंय की गाडीचा आवाज आला की ती अभ्यास सोडून उठतात आणि आयांनाही काही बोलता येत नाही. अप्पांचं काम म्हटल्यावर कोण अडवणार?

घोड्यांचा हिशेबही त्यांनी लावलाय. मूळ इंजिन साठ घोड्यांचं, हे त्रेचाळीसचं. सतरा कमी पडले. ते वजनातून काढायचे. आधी स्टेपनी गेली, मग गाद्या, मग डाव्या बाजूचं दार. शेवटी अप्पांची नजर माणसांकडं वळली. लग्नात जेवायला बसलेल्या पंगतीवरून ते नजर फिरवतात आणि हळूच विचारतात, "किती भरशील रं?" पन्नासच्या आत असलेल्यालाच शेजारी बसायला मिळतं. माझ्याकडं बघून त्यांनी नुसती मान हलवली. मी जेवणात काही कमी केलं नाही, पण राग आला.

काकींचं दुःख स्वयंपाकघरातलं. मोठी परात गेली तेल काढायला. जर्मनच्या पातेल्यात एकदा बेअरिंग उकळलं. लग्नपत्रिका आली की आधी अप्पा तिचा कागद बोटानं चाचपतात. जाड असली तर कात्रीनं तिचं गॅस्केट होतं आणि मुहूर्त कळायचा राहतो. पाव्हण्यांची निम्मी भांडणं त्यापायी. "ह्यांच्या गाडीला मागं यायचं कळत न्हाय आन् ह्यांना पुढं जायचं," असं काकी म्हणतात. पण वेल्डिंगला रात्र झाली की बॅटरी धरून उभ्या राहतात त्याच. आणि "जरा वर धरा" म्हटलं की नेमकी कुठं धरायची हे त्यांना न सांगता समजतं.

रस्त्यावर गाडी आणायची सोय नाही. इंजिन बदललेल्या गाडीला पासिंग कोण देणार? मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आरटीओतल्या साहेबांपेक्षा अप्पांना जास्त पाठ आहे. म्हणून ट्रायल त्यांच्याच रानात, येरळेच्या बाजूच्या पाणंदीवर. गेल्या पाडव्याला नारळ फोडून गाडी निघाली. आवाज असा की लिंबावरचे बगळे उठले. तिसऱ्या गिअरपर्यंत गेली, बांधाजवळ वळली, तेल जागेवर राहिलं, आणि अप्पा टोपी धरून ओरडले. पुढं ऊस होता. मागं घ्यावी लागली.

या माणसाला हसणं सोपं आहे, आणि आम्ही हसतोही. पण रात्री अकराला भर पाण्याच्या पाळीत कुणाचं डिझेल इंजिन बंद पडलं, मळणीच्या ऐन वेळी मशीनचा बुश गेला, शाळेच्या मुलांची गाडी दहिवडी रोडला थांबली, की लोक अप्पांनाच फोन लावतात. ते पाना घेऊन येतात. पैसे घेत नाहीत. जाताना मात्र त्या बंद पडलेल्या इंजिनाकडं असं बघतात की मालकानं ते रात्रीतनं घरात घेऊन ठेवावं.

सध्या गाडी पुन्हा उघडलेली आहे. केटीएम विहिरीवर जाणार अशी बोलवा आहे, कारण भाच्याला कुठंतरी चार सिलिंडरचं सहाशेचं इंजिन दिसलंय. अप्पांनी जागा मोजली. बसतंय. फक्त सीट काढावी लागेल. तेव्हा तुमच्याकडं एखादी जुनी आरएक्स हंड्रेड किंवा येझदी धूळ खात पडली असेल आणि तुमचा वडूजवरून जायचा बेत असेल, तर ती ताडपत्रीनं नीट झाकून न्या आणि चहा पुढं दहिवडीला घ्या.