नकलेचा गळा
मे 2016 मध्ये मुंबईचा विनोदवीर तन्मय भट याने स्नॅपचॅटवर चेहरे बदलून केलेल्या चित्रफितीत लता मंगेशकर आणि सचिन तेंडुलकर यांच्यात भांडण लावून दिलं. लताबाई तेव्हा 86 वर्षांच्या होत्या. विनोदाचा बराचसा भार त्यांच्या वयावरच होता. मनसेने तक्रार केली आणि पोलिसांनी ती चित्रफीत हटवण्यासाठी यूट्यूबकडे धाव घेतली. शहरातले चोर त्या आठवड्यात बहुधा रजेवर असावेत.

खुद्द लताबाईंनी आपण ती पाहिलीच नाही असं सांगून विषय मिटवला. चाहत्यांचा मात्र तो मिटेना.

त्यातच न्यूयॉर्क टाइम्सने बातमी देताना लताबाईंना ‘तथाकथित पार्श्वगायिका’ करून टाकलं. भटला जे अख्ख्या चित्रफितीत साधलं नाही, ते या गंभीर वृत्तपत्राने एका विशेषणात साधलं, तेही हसवायचा काडीचा इरादा नसताना.

थोरांची टिंगल करू नये, हे काही खरं नाही. पण सुरकुत्या मोबाइलवर फुकट मिळतात, गळा मिळत नाही. आशा भोसल्यांनी भर कार्यक्रमांत लताबाईंपासून गुलाम अलींपर्यंत अनेकांच्या गाण्याच्या लकबी हुबेहूब करून दाखवल्या. लोक पोट धरून हसले, टाळ्या पडल्या. पोलीस ठाण्याची पायरी कुणी चढलं नाही.