लेकीच्या सासरी

आमच्या मुळशीत माणसं दोन प्रकारची: तंबू लावणारी आणि तंबूत झोपणारी. पहिली आमची, दुसरी पुण्याची. शनिवारी दुपारी गाड्यांची रांग चांदणी चौक ओलांडून पौडकडे सरकू लागली, की आमचा भाचा धरणाकाठी खुंट्या ठोकायला लागतो. रात्री शेकोटी, कोंबडी, गिटार, पहाटे "वॉव, काय शांतता आहे!" अशी आरोळी. या शांततेचे आम्ही माणशी पैसे घेतो, त्यामुळे माझी तक्रार नाही. तक्रार हिची होती. "सगळं जग आपल्या दारात तंबूत झोपून जातं. आपण कधी झोपायचं?"

तिला समुद्र पाहायचा होता, मला मुंबई. मुंबईतले हॉटेलवाले खोलीचं भाडं सांगतात की किंमत, हे चटकन कळत नाही. भाच्यानं तोडगा काढला: मुक्काम किहीमला, सुरूच्या बनात, तंबूत, मुंबई लाँचनं आणि बसनं.

मुंबई बघायची माझी घाई निराळी होती. आमच्या मुळा नदीचं पाणी खरं तर पुण्यावरून भीमा-कृष्णेच्या संगतीनं बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांनी ते धरणात अडवून उलटं वळवलं आणि सह्याद्रीच्या पोटातून भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. 1927 पासून तिथली वीज मुंबईला जाते. म्हणजे पाणी आमचं, नांदतंय मुंबईत. लेक दिलेल्या घरी बापानं एकदा तरी डोकावून यावं की नको?

एसटीनं ताम्हिणी उतरलो, माणगावला बदललो, पुन्हा कुठेतरी बदललो आणि अलिबागला पोचलो. वाटेत हिला कुंडलिका दाखवली. भिऱ्याला जनित्रं फिरवून दमलेलं पाणी या नदीत येतं, आणि कोलाडला लोक त्याच पाण्यात रबरी होडीतून किंचाळत जातात. "म्हणजे वरही आपल्या पाण्याचे पैसे, खालीही," ही म्हणाली. "फक्त आपल्याला नाहीत." आमच्या घरातलं अर्थखातं तिच्याकडे का आहे, हे यावरून ध्यानात यावं.

किहीमचा तंबू चांगला होता, पण जन्मभर तंबू ठोकलेल्या माणसाला दुसऱ्यानं ठोकलेल्या तंबूत झोप लागत नाही. मध्यरात्री उठून मी दोऱ्या आवळल्या. आमच्या झाल्या, मग शेजारच्यांच्याही. शेजारचे बॅटरी घेऊन बाहेर आले. त्यांची समजूत हिनं घातली.

सकाळी चोंढी नाक्यावरून मांडवा. लाँचच्या वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे पडतात. आम्ही खालूनच समुद्र पाहिला. तोच समुद्र होता. तासाभरात गेटवे. तिथल्या गर्दीत सगळे एकमेकांचे फोटो काढतात आणि कबुतरं सगळ्यांच्या फोटोत येतात.

बस पकडायला कुलाब्याच्या रस्त्यावर आलो, तर थांब्याचं नाव इलेक्ट्रिक हाऊस! मी दोन्ही हात जोडले. हे 'बेस्ट'चं मुख्यालय. एकच संस्था शहराला वीजही विकते आणि बसही चालवते, आणि ही वीज ती वर्षानुवर्षं टाटांकडून घेत आली. पुढ्यात येऊन थांबली ती बसही विजेवरची. मी कंडक्टरला म्हणालो, "आम्ही मुळशीचे." तो म्हणाला, "सुट्टे द्या."

चर्चगेटला आमचा चुलतभाऊ तात्या भेटायचा होता. मुंबईचे डबेवाले मूळचे मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगावकडचे. तात्याचा बापही डबेच पोचवायचा. साडेअकराच्या सुमारास स्टेशनाबाहेर डब्यांची अशी धांदल उडते, की तात्यानं मला पाहिलं, "आलास?" म्हणाला आणि डोक्यावरच्या फळीसकट निघून गेला. त्या एका शब्दात गावाकडची सगळी विचारपूस झाली. बाकीची त्यानं संध्याकाळी फोनवर केली, तीही चालता चालता.

मग लोकलनं लोअर परळ. तिथं रुळांना लागूनच सेनापती बापट मार्ग. मुळशी सत्याग्रह 1921 साली रामनवमीला सुरू झाला. पन्नासेक गावं पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून लढले ते बापट आणि त्यांचे मावळे. 'सेनापती' ही पदवी त्यांना आमच्याकडूनच मिळाली. धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी त्यांनी अडवली होती. अशा माणसाचं नाव महापालिकेनं नेमकं रेल्वेलगतच्या रस्त्याला द्यावं! जलविद्युत आली ती गिरण्यांसाठी. याच रस्त्यावरच्या फिनिक्स मिलचा आता मॉल झाला आहे.

आम्ही आत शिरलो. बाहेर घामाच्या धारा, आत पौषातली पौडची पहाट. मी छताकडे पाहत म्हणालो, "बघ, कशी नांदतेय." हिनं एका कुडत्यावरची चिठ्ठी उलटून किंमत वाचली आणि म्हणाली, "सासर श्रीमंत आहे. पण मानपान काही दिसत नाही." मग तिनं वसुलीचा एकमेव मार्ग शोधला: एका बाकावर बसून तासभर थंड हवा खाल्ली. फुकट.

शेवटच्या लाँचनं परतलो, तर किहीमला वीज गेलेली. तंबूवाला कंदील घेऊन आला. "कुठले तुम्ही?"

"मुळशी."

"अरे वा! आम्ही पावसाळ्यात तिकडेच येतो. धंदा बंद असतो ना इथला." त्यानं आवाज खाली आणला. "तंबूला काय घेता हो तुम्ही?"

मी आकडा सांगणार, तेवढ्यात हिनं माझ्या पायावर पाय दिला. "आधी तुम्ही सांगा," ती त्याला म्हणाली, आणि कंदील मध्ये ठेवून ठाण मांडून बसली. घासाघीस बरीच वेळ चालली. ठरलं ते असं: पावसाळ्यात त्याचं कुटुंब आमच्याकडे, दिवाळीनंतर आमचं त्याच्याकडे, तंबूला तंबू, कोंबडीचे पैसे वेगळे. दोऱ्या आवळायचं काम मात्र दोन्ही ठिकाणी माझ्याकडे.