मला दत्तक घ्या, ताई!

बदलापूर (पूर्व)
डिसेंबर 2024

प्रति,
मा. खासदार सुप्रियाताई सुळे,
कार्यकारी अध्यक्ष, राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष (शरदचंद्र पवार)

विषय : पवार कुटुंबात दत्तक जाण्याबाबत विनंती अर्ज.

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बदलापूरचा एक साधा कार्यकर्ता. 1999 पासून घड्याळाचा, यंदाच्या फेब्रुवारीपासून तुतारीचा. अनुभव : बॅनर बांधणे, सतरंज्या उचलणे, 12 डिसेंबरला पवारसाहेबांच्या वाढदिवसाचं रक्तदान शिबिर भरवणे. रक्त पुष्कळ दिलं, पण रक्ताचं नातं काही लागेना. म्हणून हा अर्ज.

तुम्ही म्हणाल, पक्षात बढती हवी तर काम करा. केलं की. आमच्या किसन कथोरेंनीही केलं. 2004 ला अंबरनाथमधून, 2009 ला मुरबाडमधून घड्याळावर आमदार झाले आणि 2014 ला कमळ घेऊन गेले. आम्ही त्यांच्या नावाने चौकात शिमगा केला. आता वाटतं, मंत्रिपदं नि अध्यक्षपदं कुठल्या उंबऱ्याच्या आत वाटली जातात, हा हिशेब त्यांना आमच्या आधी समजला असावा. यंदा त्यांच्यासमोर आपण सुभाष पवारांना उभं केलं. पडले. आडनाव पवार असून भागत नाही ताई, पवार बारामतीच्या गोविंदबागेचे लागतात.

तुमचं कर्तृत्व मी नाकारत नाही. संसदेत तुम्ही मुद्दा मांडता तेव्हा समोरचे बाकही ऐकतात. 2012 ला युवती काँग्रेस काढलीत, तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरी पहिल्यांदा सभेला आल्या. त्यातली एक तरी आज आमदार आहे का, हे मी विचारणार नाही; अर्जदाराने नम्र असावं. पण मला आठवतो 2 मे 2023 चा दिवस. यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये साहेबांनी निवृत्ती जाहीर केली, सभागृह रडायला लागलं, लोक म्हणाले ताईंनी बोलावं. आणि अजितदादांनी मोठा भाऊ म्हणून तुम्हाला भर सभेत गप्प बसवलं. महिना-सव्वा महिन्याने, 10 जूनला, तुम्ही कार्यकारी अध्यक्ष झालात. देशातलं पहिलं महिला धोरण 1994 ला ज्या घरातून आलं, त्या घरात लेकीने बोलावं की नाही हे तिचा भाऊ ठरवतो. तरी पद लेकीलाच मिळतं, हाही त्याच घराचा मोठेपणा.

मग 2 जुलै उजाडला. दादा राजभवनावर शपथ घेत होते आणि इथे कुळगावात माझ्या जिवलग दोस्ताने दादांच्या फोटोचा बॅनर छापायला टाकला. मी साहेबांकडे, तो दादांकडे. बोलणं बंद. त्याच्या पोरीच्या हळदीला मी गेलो नाही. आमच्या भागात हळदीला न जाणं म्हणजे काय, ते बारामतीत बसून कळायचं नाही. अशात दिवाळी आली, टीव्ही लावला, तर पुण्यात तुमच्या काकांच्या, प्रतापरावांच्या घरी अख्खं पवार कुटुंब जमलेलं. साहेब आहेत, तुम्ही आहात, दादासुद्धा. पक्ष फुटला होता, पंगत नव्हती. आम्ही मात्र गल्लीत एकमेकांची तोंडं चुकवत फिरत होतो. यंदा पाडवे दोन झाले, एक गोविंदबागेत नि एक काटेवाडीत, तेव्हा कुठे आमच्या भांडणाची थोडी अब्रू राहिली.

कुटुंबात आलं की हरण्याचीही सोय होते. लोकसभेला बारामतीत तुम्ही सुनेत्रावहिनींना दीड लाखाहून जास्त मतांनी हरवलंत. जूनमध्येच वहिनी राज्यसभेवर. म्हणजे आज संसदेत एका घरातले तिघे, विधानसभेत दोघे. आमच्या नगरपालिकेत 2020 पासून प्रशासक आहे. आम्हाला हरायलासुद्धा निवडणूक मिळत नाही.

ऑगस्टमध्ये इथल्या शाळेतल्या चिमुरड्यांवर अत्याचार झाला, 20 तारखेला माणसं रुळांवर उतरली, दिवसभर लोकल ठप्प. त्या गर्दीत कोणत्याच पक्षाचा झेंडा चालत नव्हता. पुढे लाठ्या आणि गुन्हे आमच्या वाट्याला आले. निषेधाच्या बंदला हायकोर्टाने मनाई केली, तेव्हा साहेब आणि तुम्ही पुण्यात पावसात काळ्या फिती लावून बसलात. त्याबद्दल खरंच आभार. पण त्या प्रकरणात बोलायला पुढे आलेल्या संगीता चेंदवणकर मनसेच्या, म्हणजे आणखी एका घराच्या पक्षातल्या. त्यांनी मुरबाडमधून लढूनही पाहिलं. मतपेटीने त्यांना ओळख दिली नाही.

आता दत्तकविधानाच्या अटी. एप्रिलमध्ये साहेबांनी मूळ पवार आणि बाहेरून आलेले पवार असा फरक सांगितला. मी कोणत्या रकान्यात बसेन, ते लेखी कळवावं. तुम्ही स्वतः जन्माने पवार, आडनावाने सुळे, म्हणून निकाल तुमच्याच हाती ठेवतो. मला बारामती नको, कर्जत-जामखेड नको. बदलापूरचा एक वॉर्ड पुरे. तोही महिला राखीव निघाला तर बायकोचा अर्ज सोबत जोडला आहे. तिला विचारलेलं नाही.

आपला (होऊ घातलेला) भाऊ,
बदलापूरकर कार्यकर्ता

ता.क. : दोस्ताने दादांकडे असाच अर्ज केल्याचं कानावर आलं आहे. दोन्ही मंजूर झाले तर पाडव्याला नेमकं कुठे यायचं, तेवढं आधी सांगा. सुट्टी टाकावी लागते.